लंगड्या सशाच्या खिडकीतला पलंग

ऐन बाजाराच्या दिवशी आपली आई दुकानाच्या दर्शनी खिडकीत पलंगावर आडवी पडली आहे आणि तिच्या शेजारी पर्सी गिटिन्स आहे, ही बातमी ग्वेंडाला खाटकाच्या बायकोने, मेव्हिसने, फोनवर दिली, तेव्हा ग्वेंडाचे हात कोपरापर्यंत सफरचंदाच्या चोथ्यात होते. फोन तिने गालाने दाबून धरला होता. आधी तिला वाटलं, मेव्हिसने सकाळीच दोन घोट घेतलेत. मग मेव्हिसने तपशील पुरवले. पांघरूण नाही, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसतंय. दोघांच्या अंगात कोट आहेत. एनिडच्या हातात कांद्याच्या पातीची पिशवी आहे. बूट मात्र दोघांनीही काढलेत.

त्या बुटांनीच ग्वेंडाचा तोल गेला. आपली आई, एनिड प्रॉसर, वयाच्या ऐंशीच्या पुढे गेलेली, डॉक्टरांकडे तपासायलासुद्धा बूट काढायला कुरकुरणारी बाई, तिने भर चौकात बूट काढले होते. तेही त्या माणसाशेजारी. आणि तेही त्या दुकानात.

सायडरसाठी, म्हणजे सफरचंदाच्या दारूसाठी, फळं पिळायचा चरक नवऱ्याच्या स्वाधीन करून, एप्रन न सोडताच ती गाडीत बसली.

बागेपासून वेनबरी गावापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंच्या कुंपणांमधून नागमोडी जातो, त्यामुळे रागाला मुरायला भरपूर वेळ मिळतो. ग्वेंडाने तो वाया घालवला नाही. वर्षभर ती आणि आई एका बाजूला होत्या, आणि भाऊ क्लाइव्ह व त्याची बायको टॅम्सिन दुसऱ्या बाजूला. भांडण एकाच गोष्टीचं होतं: ‘लंगडा ससा’. पाच पिढ्या प्रॉसर घराण्याने चालवलेला पब. काळ्या ओकच्या तुळया, मधे पांढरा गिलावा, आणि वरचा मजला चौकावर असा झुकलेला, की जणू काही खालच्या लोकांचं बोलणं ऐकायला वाकलाय. वडील, हॉवेल प्रॉसर, गेल्यावर पब आधी मंदावला, मग बंद पडला. तीन वर्षं दाराला कुलूप होतं. मग क्लाइव्ह आणि टॅम्सिनने तिथे पलंग-गाद्यांचं दुकान काढलं. वर्षभर चालवून बघू, मग तिघं मिळून ठरवू, असं तेव्हा ठरलं होतं. तिघं म्हणजे आई, ग्वेंडा आणि क्लाइव्ह. इमारत तिघांच्या नावावर होती आणि दोघांचं मत पडेल तसं व्हायचं होतं.

वर्ष आता संपत आलं होतं. ग्वेंडाने गप्प बसून काम केलं होतं. हेरफर्डचा एक बियरवाला तिने गाठला होता. टॉली त्याचं नाव. बंद पडलेले पब विकत घेऊन जसेच्या तसे पुन्हा उघडायचा त्याला छंदच होता. तो आज दुपारी जागा बघायला येणार होता. आईने मत द्यायचं कबूल केलं होतं. मागच्या रविवारी भाजलेल्या मटणावर पुदिन्याची चटणी ओतता ओतता तिने शब्द दिला होता. शिवाय पलंग आत गेल्यापासून त्या दारात पाऊल टाकलं नाही, आणि टाकणारही नाही, हे तर ती गावभर सांगत फिरत होती. दोघी मायलेकी बाजाराच्या दिवशी समोरच्या फुटपाथवरून जात आणि दुकानापाशी आल्या की माना फिरवत. एवढी मेहनत घेतली होती त्यांनी.

आणि आता बूट काढून पडली होती.

पर्सी गिटिन्स हा तर वेगळाच प्रकार. एके काळी तो मेंढ्यांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज नदीपलीकडच्या गायींनाही ऐकू जाई. ग्वेंडा शाळेत असताना एकदा त्याने भरल्या पबात म्हटलं होतं की आज बियर टीम नदीच्या पाण्यासारखी लागतेय. एनिडने हात पुसले, दाराकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की पर्सी गिटिन्स जिवंत आहे तोवर या पबात पुन्हा पाऊल टाकणार नाही. पर्सीने टोपी उचलली आणि गेला. पुढे दर बाजाराच्या दिवशी तो चौकातल्या दगडी मंडपाच्या पायऱ्यांवर थर्मासमधला चहा पीत बसायचा. त्याने उंबरठा कधी ओलांडला नाही. हॉवेलच्या अंत्यविधीनंतर अख्खं गाव पबात जमलं, तेव्हाही तो बाहेरच, टोपी छातीशी धरून, उभा होता. जन्मभराची बंदी इतक्या निष्ठेने पाळणारा माणूस श्रॉपशरमध्ये दुसरा नव्हता.

गाडी चर्चमागे लावून ग्वेंडा चौकात आली तेव्हा खिडकीपुढे बरीच गर्दी होती. चीजवाल्याने आपला ठेला सोडला होता. काचेतून आई दिसत होती, उताणी, पिशवी पोटावर, डोळे छताकडे. पर्सी तिच्यापासून सभ्य अंतरावर, दोन्ही हात छातीवर, एखाद्या जुन्या चर्चमधल्या थडग्यावर कोरलेल्या दगडी सरदारासारखा. फरक एवढाच की हा सरदार बोलत होता आणि आई हसत होती. ग्वेंडाने आईला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली.

दारात टॅम्सिन उभी होती. बर्मिंगहॅमची, सडपातळ, चटपटीत, कोणत्याही प्रसंगाला हसणारी. आता मात्र ती हसू गिळत होती. तिने ग्वेंडाच्या चिखल आणि चोथ्याने भरलेल्या गमबुटांकडे बघितलं.

“ग्वेंडा, मला माफ कर,” ती म्हणाली, “पण बूट बाहेर.”

ग्वेंडाने बूट काढले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. आपल्याच जन्मघरात ती एक अंगठा बाहेर काढून शिरली.

आतला बदल ती पहिल्यांदाच बघत होती. तुळया तशाच होत्या, कारण त्यांना खिळासुद्धा ठोकायला सरकारची मनाई होती. भिंतीतली मोठी शेकोटीही तशीच. बारचा काउंटरही जागच्या जागी होता, फक्त त्यावर आता उशा रचलेल्या होत्या. त्या उशांमागे क्लाइव्हचं टक्कल दिसलं आणि लगेच खाली गेलं. दारावरचा सशाचा फलक उतरवला त्या दिवसापासून बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. क्लाइव्ह सहा फुटी होता, पण मोठ्या बहिणीपुढे उशांमागे लपायला त्याला काही वाटलं नाही.

“आई,” ग्वेंडा खिडकीपाशी जाऊन म्हणाली, “ऊठ.”

“तू उभी राहून बोलणार असशील तर मी ऐकणार नाही,” आई छताकडे बघतच म्हणाली. “वर बघून माझी मान दुखते. तिथे पड.”

शेजारी दुसरा एक पलंग होता. ग्वेंडाने आजूबाजूला बघितलं. काचेला नाकं चिकटली होती. उभं राहून भांडलं तर गावाला सगळा चेहरा दिसणार होता. पडून भांडलं तर निदान अंगठा तेवढा दिसेल. ती पडली. गादी इतकी मऊ होती की तिच्या तोंडून नकळत ‘आह’ निघालं. ते आईने ऐकलं.

मग काय घडलं ते कळलं. सांगत होती आई, पण मधे मधे दुरुस्त्या पर्सी करत होता. सकाळी झिमझिम पडून मंडपाच्या पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. पर्सी उठायला गेला आणि त्याचा पाय गेला. पडला नाही, पण गुडघे लटपटायला लागले. एनिड कांद्याची पात घेऊन समोरूनच जात होती. तिने त्याला दंडाला धरलं. सगळ्यांत जवळचं दार हे होतं. तिने त्याला ओढलं, पण हा पठ्ठ्या उंबरठ्यापाशी येऊन थांबला, आणि लटपटत्या गुडघ्यांनी म्हणाला की मला इथे बंदी आहे.

“मी त्याला म्हटलं, बंदी पबात आहे,” आई म्हणाली. “हे पलंगांचं दुकान आहे, मूर्खा.”

“मग मी आलो,” पर्सी म्हणाला. त्याचा आवाज दबून बोलतानाही अख्ख्या दुकानात घुमत होता.

ग्वेंडाने सांगितलं की फार चांगलं केलं, गुडघे बरे झाले असतील तर आता उठा, कारण थोड्या वेळात टॉली येणार आहे आणि त्याच्यासमोर हा तमाशा नको. आई म्हणाली की ती उठणार नाही. ग्वेंडाने रविवारच्या शब्दाची आठवण दिली. आई म्हणाली, आठवतोय, आणि त्याबद्दलच बोलायचंय. तेव्हा ग्वेंडाला जाणवलं की आई आता आधीपेक्षा जरा लांबून बोलतेय.

‘लंगड्या सशा’ची जमीन सपाट कधीच नव्हती. दारापासून शेकोटीकडे ती उतरती होती. जुन्या काळी टेबलावर ठेवलेलं अंडं आपोआप मालकिणीकडे यायचं. क्लाइव्हने प्रत्येक पलंगाच्या चाकांखाली लाकडी पाचरी मारल्या होत्या. ग्वेंडा ज्यावर पडली त्याची एक पाचर तिच्या वजनाने निसटली होती, आणि तो पलंग हळूहळू, अगदी सावकाश, शेकोटीच्या दिशेने निघाला होता.

“त्या दिवशी तो बियरबद्दल बोलला,” आई म्हणत होती, “ते खरंच होतं. मी पिंप बदललंच नव्हतं.”

“मग त्याला हाकललंस कशाला?” ग्वेंडाने विचारलं. ती उठायला हवी होती, पण उठली तर आईचं बोलणं अर्धवट राहील अशी तिला भीती वाटली, आणि गादीही सोडवत नव्हती.

“कारण आदल्या आठवड्यात त्याने मला तळघरात विचारलं होतं,” आई म्हणाली. पलंग लांब जात होता तसा आई आवाज चढवत होती. “त्याच्याबरोबर चल म्हणाला होता. आणि मी बॅग भरली होती, ग्वेन.”

टॅम्सिनने तोंडावर हात ठेवला.

“तो रोज आत येत राहिला असता,” आई आता जवळजवळ ओरडून सांगत होती, कारण ग्वेंडा एव्हाना दोन खाटांपलीकडे गेली होती, “तर एक दिवस मी बाहेर गेले असते. म्हणून त्याला बाहेर ठेवलं. बियरचं निमित्त झालं.”

उशांचा ढीग कोसळला. क्लाइव्ह धावत आला आणि शेकोटीच्या दगडावर आपटायच्या आत त्याने पलंगाला पाय लावून थांबवलं. आता तो बहिणीच्या उशाशी उभा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर्षभरानंतर पहिल्यांदाच, आणि तेही ग्वेंडाला तो उलटा दिसत होता.

“बाबांना माहीत होतं?” क्लाइव्हने विचारलं.

“दर नाताळला पर्सीसाठी ग्लास भरून बाहेर कोण घेऊन जायचं?” आई म्हणाली.

बाबाच न्यायचे. ग्वेंडाला ते स्पष्ट आठवलं. बर्फात, हातात एकच ग्लास, चौक ओलांडून जायचे आणि पर्सीचा ग्लास संपेपर्यंत पायरीवर त्याच्याशेजारी बसायचे. दोघं काही बोलताना दिसत नसत. पोरांना वाटायचं, बाबा दयाळू आहेत. ते दयाळू होतेच. आज ते तिला नव्याने कळलं. रडावं की हसावं, हे तिला ठरवता येईना.

बाहेर चीजवाला मेव्हिसला विचारत होता की आतलं बोलणं नीट ऐकू आलं का. मेव्हिसने त्याला गप्प केलं.

नेमका त्याच वेळी टॉली आला. लठ्ठ, अदबशीर, लाल गालांचा माणूस. दारातच त्याने बूट काढले, कारण टॅम्सिनने सांगितलं आणि तो सांगितलेलं ऐकणाऱ्यांतला होता. त्याने तुळयांवर हात फिरवला, शेकोटीत डोकं घातलं, काउंटरपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असा ओक आता बघायला मिळत नाही, असं तो म्हणाला. काउंटर पॉलिश करू, सशाचा फलक परत लावू, आणि ग्वेंडाबाईंनाच इथे मालकीण म्हणून ठेवू. ग्वेंडा पलंगावर उठून बसली. हे तिला नवीन होतं. आयुष्यभर तिने या काउंटरमागे आईच्या हाताखाली काम केलं होतं; मालकीण म्हणून उभं राहायची वेळ यायच्या आत दाराला कुलूप लागलं होतं.

“एक विचारू का?” खिडकीतून आई म्हणाली. “पब झाला तर जुने नियम राहतील?”

“सगळेच, बाई,” टॉली अभिमानाने म्हणाला. “जसंच्या तसं. तीच तर आमची खासियत आहे.”

“मग जमायचं नाही,” आई म्हणाली.

टॉलीला कळेना आपलं काय चुकलं. आईने त्याला समजावून सांगितलं, आणि सांगताना ती उठून बसली, त्यामुळे सगळ्यांना कळलं की हा तिचा अखेरचा निर्णय आहे. पब झाला की तिचा शब्द पुन्हा लागू होतो. पर्सीला बाहेर जावं लागेल. आणि त्याला बाहेर बसवण्याएवढं आयुष्य आता दोघांपैकी कोणाकडेच उरलेलं नाही. टॉली गडबडीने म्हणाला की तो एक नियम वगळता येईल. त्यावर आईने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की टॉलीने हातातली टोपी दोन्ही हातांनी धरली.

“मालकिणीने घातलेली बंदी मागे घेतली, तर तिच्या पुढच्या बंदीला कोण भीक घालेल?” आई म्हणाली. मग ती ग्वेंडाकडे वळली. तिचा आवाज उतरला. “मी तुला शब्द दिला, ते मला ठाऊक आहे. पण मी दोन माणसांना दोन शब्द दिलेत, ग्वेन. एक मोडावा लागणार आहे. तुझा मोडते. तू मला माफ करशील. त्याची तर मी माफीसुद्धा मागितली नव्हती.”

आईने तिच्याशी असं बोललेलं ग्वेंडाला आठवत नव्हतं. ती काही बोलणार, एवढ्यात पर्सीने पाय खाली सोडले आणि आपण एक सांगू का असं विचारलं. मग उत्तराची वाट न बघताच त्याने सांगितलं. एनिडने होकार दिलाय. दोघं लग्न करणार आहेत, आणि पलंग हाच घेणार आहेत, कारण ठरलं ते याच्यावर.

चौकात कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

यानंतर बाजू इतक्या भराभर बदलल्या की ग्वेंडाला आपण कोणाकडून आहोत ते कळेनासं झालं. टॅम्सिन घाबरली, कारण हा खिडकीतला पलंग विकायचा नव्हता. तो मुळी दुकानातच जोडला होता आणि जुन्या दारातून बाहेरही निघाला नसता. क्लाइव्ह आईच्या बाजूने उभा राहिला. ग्वेंडाने तोंड उघडलं आणि आपण टॅम्सिनची बाजू घेतोय हे ऐकून तिला स्वतःलाच धक्का बसला. ती म्हणाली की दुकानाला काही शिस्त असते. टॅम्सिनने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिला पहिल्यांदाच बघतेय. आईने मात्र सगळ्यांचा निकाल लावला. पलंग बाहेर न्यायचाच नाहीये, ती म्हणाली. वर न्यायचाय. वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. ती आणि पर्सी वर राहणार. ती सध्या राहते त्या टेकडीवरच्या नव्या घरात जमीन इतकी सपाट आहे की तिला चक्कर येते.

आजच्या आज निदान गादी तरी वर जाऊ दे, पलंग नंतर उघडून नेता येईल, असं ठरलं. टॉलीला कोणी विचारलं नव्हतं, पण त्याने कोट काढला आणि एक कोपरा उचलला. पर्सीने लिलावाच्या आवाजात सूचना द्यायला सुरुवात केली. गाव आत शिरलं, बूट दारात ढीग करून.

‘लंगड्या सशा’चा जिना अरुंद आहे आणि मधल्या वळणावर तो अचानक आपलं मन बदलल्यासारखा उलटा फिरतो. क्लाइव्ह वरून ओढत होता, ग्वेंडा खालून ढकलत होती. वळणावर गादी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. टॉलीने खालून जोर लावला तर ती आणखी पक्की बसली. तेव्हा टॅम्सिनने त्याला आणि इतर सगळ्यांना चहा प्यायला नेलं, आणि जिन्यात उरली फक्त गादी, तिच्या वर भाऊ, तिच्या खाली बहीण. एकमेकांना दिसण्याची काही सोय नव्हती.

दोघांनी आपापल्या बाजूने आणखी एकदा जोर लावून बघितला.

“काउंटर का काढला नाहीस?” शेवटी ग्वेंडाने गादीला विचारलं.

“काढायचा होता,” वरून क्लाइव्हचा आवाज आला, जाड कापसातून गाळलेला. “टॅम्सिनला तिथे आरसे हवे होते. मग मला वाटलं, तू कधीतरी येशील आणि तिथे उभी राहशील. तुला राहायचंच होतं उभं.”

ग्वेंडाने कपाळ गादीला टेकवलं. कापडाला नव्या कोऱ्या सुताचा वास होता.

“तुला तर पब कधीच आवडला नाही,” ती म्हणाली. त्यात आरोप नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

क्लाइव्हने सांगितलं. लहानपणी तो वरच्या खोलीत झोपायचा. म्हणजे झोपायचा नाही. खाली गाणी, हसणं, ग्लास, बाबांचा खोकला. तो तुळयांकडे बघत खालचा आवाज कधी थांबेल याची वाट बघायचा. आणि तो थांबायच्या आधीच शाळेची वेळ व्हायची. मोठेपणी त्याने ठरवलं की या घरात असं काहीतरी करायचं, ज्याने निदान कोणाला तरी झोप येईल. हे त्याने टॅम्सिनलाही असं सांगितलं नव्हतं. तिला वाटतं, त्याने नफ्याचा हिशेब केला.

ग्वेंडाला आधी वाईट वाटलं. मग तिला मघाशी खिडकीत आडवी पडलेली आई, पर्सीचा सरदारासारखा थाट आणि शेकोटीकडे निघालेला आपला पलंग आठवला आणि तिला हसू आलं. ते आवरेना. तिने गादीत तोंड खुपसलं, तर गादी थरथरायला लागली. वर क्लाइव्हला ती थरथर लागली आणि त्यालाही हसू फुटलं. दोघं दोन बाजूंनी गादीला मिठ्या मारून, श्वास लागेपर्यंत हसली. लहानपणी चर्चमध्ये ती अशी हसत आणि आई त्यांना बाहेर काढत असे.

हसून झाल्यावर क्लाइव्हने डोळे पुसले असावेत, कारण आवाज ओला होता. तो म्हणाला की काउंटर रिकामाच आहे. तिच्या सायडरच्या बाटल्या तिथे ठेवता येतील. बाजाराच्या दिवशी तिने येऊन उभं राहावं. ग्वेंडाने विचारलं, म्हणजे पलंगाच्या दुकानात सायडर? क्लाइव्ह म्हणाला, गादी घेतल्यावर लोकांना काहीतरी घेऊन घरी जावंसं वाटतं. आत्ता ते फक्त उशीची खोळ घेतात.

मग दोघांनाही एकाच वेळी आईचा नियम आठवला. ग्वेंडाने जिन्यावरूनच खाली हाक मारली आणि विचारलं की सायडर विकला तर हा पब होतो का.

खाली चहाचे कप थांबले. आईने विचार केला. तिच्या विचार करण्याच्या काळात पर्सीने, ग्वेंडाला नंतर कळलं, टोपी हातात घेऊन ठेवली होती.

“बाटलीला बूच असेल तर दुकान,” आई म्हणाली. “ग्लास भरला की पब. आणि ग्लास भरला तर मी स्वतः बूच तुझ्या नाकात घालीन.”

“ऐकलंस?” ग्वेंडाने विचारलं.

“ऐकलं,” क्लाइव्ह म्हणाला. “एक, दोन, तीन म्हणतो. तू उजव्या कोपऱ्यावर बस.”

ती कोपऱ्यावर सगळ्या वजनानिशी बसली. गादी दुमडली, कुरकुरली, आणि एकदम सुटली. सुटली ती इतकी की क्लाइव्ह तिच्यासकट वरच्या मजल्यावर उताणा पडला आणि ग्वेंडा त्याच्यावर. वरच्या खोलीची जमीन खालच्याहून अधिक उतरती. गादी दोघांना घेऊन खिडकीपर्यंत घसरत गेली आणि तिथे थांबली.

मग पर्सी आला, एक एक पायरी मोजून मापून, एनिडचा हात धरून. त्याने वरचा मजला आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बुटक्या दारातून वाकून तो आत आला, खोलीत उभा राहिला, आणि त्याने टोपी छातीशी धरली. आईने त्याचा हात सोडला नाही. ग्वेंडा उठली, एप्रन झटकला आणि पर्सीशी हात मिळवला. ती त्याला म्हणाली की जिन्यात डोकं सांभाळत जा, सगळ्या प्रॉसर मंडळींना तिथे टेंगूळ येऊन गेलंय.

खाली जाऊन तिला टॉलीला नकार द्यायचा होता. पण टॉलीने तिची वाट पाहिली नव्हती. तो शेकोटीजवळच्या पलंगावर, जो मघाशी ग्वेंडाला घेऊन घसरला होता, हात पोटावर ठेवून गाढ झोपला होता. टॅम्सिन चाकांखाली पाचर ठोकत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं, आणि मग दोघी तोंड दाबून हसल्या. अशा दोघी मिळून त्या पूर्वी कधी हसल्या नव्हत्या.

गाव अजून आतच होतं. कोणी पलंगांवर, कोणी काउंटरपाशी. दारात एक अनोळखी बाई आली, दूरच्या गावची असावी. हातात बाजाराची टोपली, चेहऱ्यावर गोंधळ. तिने बुटांचा ढीग बघितला, झोपलेला टॉली बघितला, तुळया बघितल्या. मग तिची नजर ग्वेंडाच्या चोथ्याने माखलेल्या एप्रनवर आणि उघड्या अंगठ्यावर येऊन थांबली. तिने जरा बिचकतच विचारलं की तुम्ही इथे काम करता का, कारण तिच्या नवऱ्याची पाठ फार दुखते आणि तिला चांगलं काहीतरी बघायचंय.

ग्वेंडाने टॅम्सिनकडे बघितलं. टॅम्सिनने हातातली पाचर खाली ठेवली.

“आमचंच आहे हे,” ग्वेंडा म्हणाली. “या ना, आत या. आधी स्वतः आडव्या होऊन बघा.”